छावणीच्या माळावर खेळायची वेळ

सन तेराशे पन्नास फसली, बहमन महिन्याची बारा तारीख. इंग्रजी हिशेबानं एकोणीसशे चाळीसचा डिसेंबर अर्धा सरला होता. मी ओसरीवर अंबाडीची बोंडं सोलत बसले होते. लाल पाकळ्या एका सुपात, आतलं बी दुसऱ्यात. पाकळ्या वाळवून ठेवल्या की वर्षभराच्या चटणीची सोय होते, पण बोंडांच्या कुसांनी बोटं खाजतात, म्हणून हे काम एका बैठकीत संपवलेलं बरं. ते संपायच्या आत स्टेशनवरचा हमाल एक लांबडं पार्सल घेऊन आला. सही करताना त्याच्या कागदावर माझ्या अंगठ्याचा लाल डाग पडला.

पार्सल गोणपाटात शिवलेलं होतं. मला वाटलं, दवाखान्याची हत्यारं असतील. माझे यजमान हिंगोलीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. गावात त्यांना ढोरडाक्तर म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मी घरात आणि बाहेर त्यांना डॉक्टरच म्हणायची. इथेही तसंच म्हणते.

दुपारी जेवायला आल्यावर त्यांनी गोणपाट उसवलं. आतून तीन काठ्या निघाल्या. दोन काठ्यांच्या टोकाला वाकडं लोखंडी पातं होतं, तिसरीच्या टोकाला मुठीएवढा लाकडी गट्टू. एका पत्र्याच्या डब्यात नऊ पांढरे चेंडू होते, लिंबापेक्षा किंचित मोठे. सोबत उर्दू चिठ्ठी. डॉक्टरांनी ती उभ्यानंच वाचली आणि पाटावर न बसता बाजेवर जाऊन बसले. भाकरी गार व्हायला लागली तेव्हा मी विचारलं, कोण गेलं? तर म्हणाले, कोणी नाही, गोल्फ आहे.

प्रकार असा झाला होता. दिवाळीच्या सुमाराला खात्याचे मोठे साहेब हैदराबादहून दौऱ्यावर आले होते. भला माणूस. मूळचे घोड्यांचे डॉक्टर, पिकल्या मिशांचे, हाताखालच्या माणसालाही ‘आप’ म्हणणारे. संध्याकाळी ते डॉक्टरांना घेऊन छावणीच्या माळावर फिरायला गेले. आमच्या गावाबाहेर पूर्वी पलटण असायची. ती उठून चाळीसएक वर्षं झाली, पण तिचा माळ तसाच पडून होता. माळावर गोरे लोक गोल्फ खेळत. चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्यांतले लोखंडी डबे अजून कुठे कुठे जमिनीत रुतलेले होते. साहेबांनी ते ओळखले आणि खूश होऊन विचारलं, आप खेलते हैं? डॉक्टर म्हणाले, जी, थोडा थोडा.

त्यांनी जन्मात त्या खेळाची काठी हातात धरली नव्हती. पण निजामाच्या नोकरीत वरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायची रीतच नव्हती. औषध संपलेलं असलं तरी ‘मंगवा लेता हूँ’ म्हणायचं, रस्ता वाहून गेला असला तरी ‘इंतजाम हो जाएगा’ म्हणायचं. जिभेला ते वळणच पडून जातं. डॉक्टरांनी वीस वर्षांत लबाडी म्हणून एक शब्द उच्चारला नसेल, पण हे ‘थोडा थोडा’ त्यांच्या तोंडून आपोआप गेलं.

चिठ्ठीत साहेबांनी लिहिलं होतं की काठ्या जुन्या आहेत पण चांगल्या आहेत. लढाईमुळे विलायतेहून चेंडू येईनासे झालेत, तेव्हा जपून वापरावेत. पुढच्या इस्फंदार महिन्यात मी येतो तेव्हा आपण दोघं हिंगोलीच्या माळावर खेळू. जिल्ह्याच्या गावी सोबत खेळणारं कोणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं, आता त्या दिवसाची वाट बघतो आहे.

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांना लागलं. बदलीला ते भीत नव्हते, बढतीची त्यांना आशा नव्हती. पण एक चांगला माणूस आपल्या शब्दावर विसंबून आनंदानं येणार आणि आपण खोटे निघणार, याची त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, आजच लिहून कळवा, मला येत नाही म्हणून. त्यांनी एक काठी उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, “काठ्या आल्या घरात. आता कसं कळवू?”

मग शिकून घ्या, मी म्हटलं. महिना आहे हातात.

सुरुवात त्यांनी घरीच केली. चेंडू हरवायला नकोत म्हणून ओसरीवर लिंबं ठेवून मारायला लागले. पहिल्या दिवशी दोन लिंबं फुटली. दुसऱ्या दिवशी मी लिंबं कपाटात ठेवून कुलूप लावलं, तर त्यांनी कांदा घेतला. तिसऱ्या दिवशी कांदा शाबूत राहिला आणि ओसरीची शहाबादी फरशी तडकली. मी काठ्या उचलून अंगणात ठेवल्या आणि सांगितलं, घरात हे चालायचं नाही, माळावर जा.

जातो, म्हणाले. पण कधी?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. मी सासरी-माहेरी मिळून चाळीस वर्षं याच मुलखात काढलेली, मला माळाचं वेळापत्रक ठाऊक होतं. गावाबाहेरचा माळ कधीच रिकामा नसतो. पहाटे उजाडायच्या आत तो बायांचा. त्या वेळी कुठल्याही पुरुषानं तिकडे पाऊल टाकायचं नाही, ढोरडाक्तरनं सुद्धा नाही. झुंजुमुंजू झालं की बाया परततात आणि टमरेल घेऊन पुरुष निघतात. साडेआठपर्यंत माळ त्यांचा. नऊला दवाखाना उघडायचा. संध्याकाळी पाचनंतर तहसीलचे कारकून, शाळेचे हेडमास्तर, कोर्टातली माणसं हवा खायला येतात. एका जागी उभं राहून दुसऱ्याचं काय चुकतं ते बघणं, हाच त्यांचा व्यायाम.

डॉक्टरांना वाटलं, सकाळची वेळ त्यातल्या त्यात बरी. माणसं आपापल्या उद्योगात असतात, कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं. मी सांगून पाहिलं, पण ऐकलं नाही. सव्वासातला काठी आणि दोन चेंडू घेऊन गेले आणि पाऊण तासात परत आले. आल्याबरोबर हातपाय धुतले आणि दवाखान्याचा कोट चढवायला लागले. विचारल्यावर थोडं थोडं सांगितलं. पहिल्यांदा काठी फिरवली तर चेंडू जागच्या जागी. दुसऱ्यांदाही तसंच. एवढ्यात तरवडाच्या एका झुडपाआडून आवाज आला, राम राम डाक्तरसाहेब. त्यांनी राम राम केला. मग दुसऱ्या झुडपाआडून. मग तिसऱ्या. कोर्टातून पेन्शनीत निघालेले एक म्हातारे कारकून बसल्या जागेवरून म्हणाले, डॉक्टर, जरा खाली वाका. मग पलीकडून कोणी म्हणालं की नाही, गुडघे ताठ ठेवा. त्या दोघांचा मतभेद झाला, आणि दोघंही उठू शकत नसल्यामुळे वाद चांगलाच लांबला. डॉक्टर मधे उभे.

“अगं, त्यांच्याकडे बघून उत्तर देता येत नाही, आणि न बघता दिलं तर उद्धट दिसतं,” ते म्हणाले.

माणूस काही भित्रा नव्हता. मारक्या वळूची वेसण मी त्यांना हातात धरताना पाहिलं आहे. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवतानाही पाहिलं आहे, आणि तेव्हा भोवती अर्धं गाव उभं असे. पण ती विद्या येत होती म्हणून बघणाऱ्यांचं त्यांना भान नसायचं. न येणारी गोष्ट चारचौघांत करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्या लहानशा चेंडूपुढे उभं राहिलं की त्यांच्या तळहातांना घाम फुटायचा. रात्री बाजेवर आडवे झाले तरी दोन्ही हातांच्या मुठी जुळलेल्या असायच्या. मला हसू यायचं आणि कीवही. मी हसू दाबायची, कारण बेचाळीस वर्षांच्या माणसाला शिकताना कोणी हसू नये.

दुपारची वेळ मी सुचवली. दवाखाना बारा ते तीन बंद असे. पौषातलं ऊन, डोक्याला रुमाल बांधला की पुरे. त्या वेळी गाव जेवून लवंडलेलं असतं. माळावर फक्त एका धनगराच्या मेंढ्या असायच्या, तो आणि त्याची बायको. डॉक्टर म्हणाले, एकट्यानं जायला बरं वाटत नाही. तेव्हा मी डबा घेऊन बरोबर निघाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्याला कामावर भाकरी पोचवते आहे. चेंडू शोधायलाही दुसरं माणूस लागतंच. नऊच होते आणि लढाई चालू होती.

माळाच्या मधोमध एक मोठा निंब होता. आम्ही निंबापासचा एक खड्डा निवडला. डब्यातली माती काढली, आत तीन सापाच्या काती निघाल्या, त्या टाकल्या. चेंडू जमिनीवरून घरंगळत खड्ड्यात जायचा तर खड्ड्याभोवतीची जागा सपाट हवी. आमच्याकडे गवताची हिरवळ कुठली. पलटणीच्या काळी खड्ड्याभोवती वाळूचं खळं करत, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी दवाखान्याच्या गाड्यावरून कयाधू नदीची बारीक वाळू आणि गाळाची पोयटा माती आणवली. दोन दुपारी आम्ही दोघांनी खडे वेचले, जमीन खणून ढेकळं फोडली, पोयटा पसरला, वर वाळू चाळून टाकली. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. खड्ड्यात बांबूची काडी रोवून तिला माझ्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली. ते काम मला आवडलं, खोटं कशाला सांगू. डॉक्टर मांडी घालून माती चाळत होते आणि काहीबाही बोलत होते. इतका वेळ आम्ही दिवसाउजेडी एकमेकांजवळ बसून बोललो, असं लग्नानंतर फारसं झालं नव्हतं.

धनगर काठीवर हनुवटी टेकवून हे सगळं बघायचा. तो हसत नसे. मागच्या वर्षी त्याच्या मेंढ्यांना देवी आल्या होत्या, तेव्हा डॉक्टर तीन आठवडे रोज त्याच्या तळावर जाऊन बसत. शंभरातल्या अकराच गेल्या. तेव्हापासून हा माणूस डॉक्टरांनी काहीही केलं तरी त्यात काही कारण असणार असं धरून चालायचा. काठीनं माती उडवतात, तर उडवत असतील.

पहिला आठवडा मातीच उडाली. दुसऱ्या आठवड्यात चेंडू हलायला लागला, पण बाजूला जायचा. मी निंबाखाली बसून बघत होते. काठी खाली यायच्या आतच डॉक्टरांची मान वर व्हायची. मी ते दोनदा सांगितलं, पण नवऱ्याला बायकोचं सांगणं एका कानानं ऐकायची सवय असते. एके दिवशी धनगर हळूच म्हणाला, “साहेब, मारायच्या आदीच तुमी बगून राहिले, कुटं जातं ते. आदी मारा, मंग बगा.”

त्याचं ऐकलं. चेंडू निंबावरून गेला. मी उठून उभी राहिले, धनगराच्या बायकोनं हातातली लोकर खाली ठेवली. डॉक्टर आमच्याकडे वळून बघायला लागले, जसा काही आम्हीच कोणीतरी तो मारला होता.

तेव्हापासून दहातले चार-पाच बरे जायचे. महिना संपत आला तेव्हा ते निंबाच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून खड्ड्यापर्यंत नऊ-दहा फटक्यांत पोचत होते. आता साहेबांबरोबर ‘थोडा थोडा’ म्हणण्याइतपत येतं आहे, असं मला वाटायला लागलं. फक्त दुपारी बारा वाजता आणि आम्हा तिघांसमोर, हे खरं. एकदा पोस्टमन सायकल थांबवून बघायला लागला, तर डॉक्टरांचे लागोपाठ सहा फटके हवेत गेले.

इस्फंदारात साहेबांची चिठ्ठी आली. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं येतो, डाक बंगल्यात उतरतो. शुक्रवारी सकाळी सात वाजता माळावर भेटू. दुपारी दवाखाना बघून परत निघतो.

सकाळी सात. म्हणजे टमरेलांची ऐन वेळ. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्या झुडपांमधून साहेबांना घेऊन जायचं, दर पावलावर राम राम घ्यायचा, आणि त्या सगळ्यांच्या देखत चेंडू मारायचा. बारा वाजता खेळू असं मोठ्या साहेबाला कळवता येत नव्हतं. मी म्हटलं, मग सकाळी माळ मोकळा ठेवायची काही तजवीज करा. डॉक्टरांनी गुरुवारी दुपारी धनगराला गाठलं. उद्या सकाळी इथे कोणी फिरकायला नको, खळ्याजवळ तर मुळीच नको, एवढी जागा राखा, असं सांगितलं. धनगर म्हणाला, बराबर. तुमी फिकीर करू नका. उद्या एक माणूस इकडं यायचा न्हाई.

शुक्रवारी मी सहालाच निघाले. चहाची किटली, पेले आणि थोडे शंकरपाळे बरोबर घेतले होते. साहेबांच्या समोर यायचं नव्हतं, निंबाआड ठेवून बाजूला व्हायचं होतं. माळावर पोचले आणि थांबले.

खळ्यावर मेंढ्या होत्या. शंभर-सव्वाशे. खळ्याच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकून वाघूर, म्हणजे धनगर मेंढ्या कोंडायला वापरतात ती दोऱ्यांची जाळी, बांधली होती. मेंढ्या नुकत्याच उठत होत्या. आमची चाळलेली वाळू दिसत नव्हती. वर लेंड्यांचा काळा थर, मुताची ओल आणि खुरांनी तुडवलेला चिखल. एक बकरी माझ्या लुगड्याची लाल चिंधी चावत उभी होती.

माळ मात्र मोकळा होता. धनगराची तीन कुत्री चारी बाजूंना धावत होती. माणसं टमरेल घेऊन आली होती, पण कुत्र्यांमुळे पुढे येऊ शकत नव्हती. दूर गावाच्या अंगाला बांधावर ओळीनं उभी राहिली होती.

धनगरीण मला बघून उठली आणि खुशीत पुढं आली. तिनं सांगितलं ते असं. डाक्तरसाहेबांनी एवढे खडे वेचले, पोयटा आणला, वाळू चाळली, म्हणजे इथं मळा करायचा असणार हे त्या दोघांना पहिल्या दिवशीच समजलं होतं. जागा राखायला सांगितलं तेव्हा तिचे मालक म्हणाले, नुसती राखायची कशाला, मेंढरं बसवू. आमच्या भागात शेतकरी धनगराला धान्य देऊन, आर्जव करून शेतात मेंढ्या बसवून घेतात. एका रात्रीचं ते खत दोन सालं पुरतं. “तुमच्याकडून काई घ्यायचं न्हाई म्हणले मालक,” ती म्हणाली. “आमची मेंढरं साहेबांनी जितवली.”

मी किटली निंबाआड ठेवली. तरवडाच्या चार फांद्या मोडल्या आणि खळं झाडायला लागले. सातला वीस मिनिटं होती.

ती माझ्याकडे बघत राहिली. “बाई, काहून झाडून राहिल्या? सोनं हाय ते.”

मी झाडत राहिले. ती बाजूला झाली. आजही मला त्या सकाळची तेवढीच गोष्ट डाचते.

साहेबांचा टांगा वेळेआधी आला. साहेब पुढे, डॉक्टर मागे, सोबत साहेबांचा चपराशी. मी फांद्या टाकून निंबाआड झाले. साहेबांनी मेंढ्या बघितल्या, वाघूर बघितली, आणि हे काय म्हणून विचारलं. कोणी उत्तर द्यायच्या आत चपराशी धावला. त्यानं धनगराला शिवी दिली आणि मारायला छडी उगारली. धनगर हललाही नाही. आपण काय केलं हे त्याला समजलं नव्हतं. तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता.

डॉक्टरांनी चपराशाचा हात वरच्या वर धरला. मग ते साहेबांकडे वळले आणि उर्दूत बोलले. मी निंबाआडून शब्दन् शब्द ऐकला. म्हणाले, या माणसाचा कसूर नाही. जागा राखायला मीच सांगितलं होतं. मी कशासाठी जागा करतो आहे ते त्याला सांगायला मला लाज वाटली, म्हणून त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे माझं भलं केलं. मग म्हणाले, “साहेब, मला हा खेळ येत नाही. दिवाळीला मी आपल्याशी खोटं बोललो. महिनाभर दुपारी बारा वाजता शिकतोय, कोणी बघू नये म्हणून.”

मला वाटलं, साहेब आता टांग्याकडे वळतील. पण ते वाघुरीपाशी गेले, वाकले आणि एका मेंढीचं तोंड उघडून बघितलं. मग कानामागे, मग जांघेत. या कळपाला देवी आल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी हो सांगितलं. किती गेल्या? अकरा. शंभरात? जी. साहेबांनी आणखी दोन मेंढ्या बघितल्या. व्रण कसे बसले आहेत ते बोटानं चाचपलं. डॉक्टरांना काय काय केलं ते विचारलं, आणि डॉक्टर सांगायला लागले, तेव्हा त्यांचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. दोन्ही डॉक्टर पंधरा मिनिटं मेंढ्यांमधे उभे होते. चपराशी छडी काखेत धरून टांग्याजवळ जाऊन उभा राहिला.

मग साहेबांनी हात झाडले आणि एक काठी उचलली. म्हणाले, लेंडीत गेलेला चेंडू उचलून बाजूला ठेवला तर चालेल, असा आजच्यापुरता नियम करू. पहिला फटका आपला.

डॉक्टरांनी चेंडू ठेवला. साहेब, चपराशी, टांगेवाला, धनगर, धनगरीण आणि मी. शिवाय बांधावर टमरेल घेऊन तीस-पस्तीस माणसं, आता आपलं काम विसरून. ज्यांची नजर चुकवायला महिनाभर ऊन खाल्लं, ती सगळी एका ओळीत उभी होती आणि कुत्र्यांमुळे त्यांना दुसरीकडे कुठे जाताही येत नव्हतं. पहिला फटका हवेत गेला. बांधावरून कोणीतरी ओरडून सांगितलं, गुडघे. दुसरा मातीत गेला. तिसरा चेंडूला लागला. फार लांब नाही, साठेक पावलं, पण सरळ. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, काठी खांद्यावर टाकली आणि चेंडूच्या मागे चालायला लागले. त्यांचे तळहात मला दिसत नव्हते, पण चाल मला ओळखता येते. अडलेल्या गाईकडे निघाले की ते तसे चालत.

साहेबांनी त्यांना साफ हरवलं. खेळ संपल्यावर चहा घेतला, शंकरपाळे घेतले, धनगरालाही पेला द्यायला लावला. आपण स्वतः हा खेळ कधी शिकलो ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते विचारायचं होतं, पण मी समोर गेले नव्हते. जाताना एवढंच म्हणाले की काठ्या तुमच्याकडेच राहू द्या, आणि पुढच्या वेळी जे येत नसेल ते येत नाही म्हणा, आपल्या खात्यात असं म्हणणारी माणसं कमी आहेत. डॉक्टरांनी सवयीनं ‘जी, कोशिश करता हूँ’ म्हटलं. साहेबांनी टांग्यात बसता बसता मान हलवली.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना विचारलं, आता उद्या किती वाजता? ते जोडे काढत होते. म्हणाले, सातला. दुपारी आता ऊन वाढायला लागलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर काठी घेऊन पुढं गेले. मी घरातून कुदळ घेतली आणि टरबुजाच्या बिया पदरात बांधल्या. खळ्यावर जाऊन झाडून बाजूला केलेल्या लेंड्या पुन्हा पसरल्या, माती खालीवर केली, हातभर अंतरावर आळी केली आणि एकेका आळ्यात तीन तीन बिया टाकल्या. डॉक्टरांसाठी नवं खळं निंबाच्या पलीकडे करता येणार होतं. तिकडे डबे पुष्कळ होते. धनगरीण लांबून बघत होती. मी सहावं आळं करत होते तेव्हा ती उठली, छावणीच्या जुन्या विहिरीवरून घागर भरून आणली आणि मला न विचारता पहिल्या आळ्यापासून पाणी घालायला लागली.